पाव आपला, पाववाला कुणाचा?

गेल्या महिन्यात भाचीनं मला कोरेगाव पार्कातल्या एका नव्या कॅफेत नेलं. तिला नोकरीत बढती मिळाली होती. "मामू, आज बिल माझं," असं तिनं दारातच बजावून ठेवलं. मेन्यूवर 'बान मी' नावाचा पदार्थ होता, किंमत ४२० रुपये. व्हिएतनामी सँडविच आहे, असं तिनं सांगितलं. मी वेटरला हळूच विचारलं, यात डुकराचं मांस नाही ना? भाचीनं कपाळाला हात लावला. "चिकन आहे मामू, मी आधीच विचारलंय."

ताटलीत लांबट, कडक सालीचा पाव आला. आत चिकन, व्हिनेगरमध्ये मुरवलेले गाजर-मुळ्याचे तुकडे, काकडी, कोथिंबीर आणि उभी चिरलेली मिरची. पहिला घास घेतला तेव्हा साल कुरकुरली आणि आतला मऊ गाभा लागला. मी म्हटलं, "हा तर ब्रून आहे गं!" चार दशकं चहात बुडवून खाल्लेला ब्रून. थोडा लांब झालेला, थोडा महाग झालेला.

भाचीनं फोन काढला आणि मला या पावाची जन्मकथा वाचून दाखवली. व्हिएतनाम भात खाणाऱ्यांचा देश. तिथं पाव नेला फ्रेंच राज्यकर्त्यांनी. सुरुवातीला ते साहेबाचं खाणं होतं. १९५४ मध्ये देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि लाखो लोक उत्तरेकडून दक्षिणेत आले. त्यातल्याच एका जोडप्यानं १९५८ मध्ये सायगावात 'होआ मा' नावाचं छोटं दुकान काढलं. फ्रेंच पद्धतीत पाव, मांस आणि लोणी ताटलीत वेगवेगळं यायचं. कामाला पळणाऱ्या माणसाला बसून खायला वेळ कुठला? म्हणून त्यांनी सगळं पावातच भरून हातात द्यायला सुरुवात केली. १९७५ मध्ये सायगाव पडलं, लोक होड्यांत बसून देशोधडीला लागले, आणि पॅरिसपासून सिडनीपर्यंत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेपर्यंत या सँडविचची दुकानं उघडली. २०११ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेला.

"किती भारी ना?" भाची म्हणाली. "निर्वासितांचं सँडविच, आणि आता सगळं जग खातंय."

भारीच आहे. पण ही गोष्ट ऐकायला आपल्याला व्हिएतनामपर्यंत जावं लागलं, याचं मला थोडं वाईट वाटलं. परक्या देशातून उपाशीपोटी आलेली माणसं, त्यांच्या हातचा पाव आणि तो पाव आपला म्हणून खाणारं शहर, हे सगळं पुण्यात घडून गेलंय. मी तिला इराण्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, "ते पारशी ना?"

तिचा दोष नाही. पुण्यात दहापैकी नऊ जण हेच म्हणतील.

इराणी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधून, मुख्यतः यझ्द आणि केरमानच्या बाजूनं आली. तिथं दुष्काळ होता, हाल होते, आणि जरथुष्ट्री धर्माच्या लोकांना तर धर्मामुळेही त्रास होता. मुंबईत उतरली, तिथून काही पुण्याला आली. त्यांच्यात जरथुष्ट्री जसे होते तसे मुसलमानही होते. दोघांनी एकच धंदा केला, एकाच प्रकारचा चहा विकला, गिऱ्हाइकाशी सारख्याच तुसडेपणानं वागले. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी जरथुष्ट्री इराण्यांची, १९५५ मध्ये सुरू झालेली. डेक्कनवरचं कॅफे गुडलक त्याआधीचं, १९३५ चं, आणि ते सुरू करणाऱ्याचं नाव हुसेनअली यक्षी. नाव पुन्हा एकदा वाचा. पुण्याच्या एका चौकाला ज्या हॉटेलाच्या नावानं ओळखतात, ज्या बन मस्क्यावर मराठी नाटकवाल्यांच्या, कवींच्या आणि फर्ग्युसनच्या पोरांच्या पिढ्या वाढल्या, ते एका इराणी मुसलमानानं उभं केलेलं आहे.

हे १९३५ मध्ये पुण्यात झालं, याचं मोल कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं मागं जावं लागतं. आमचं जुनं घर मोमीनपुऱ्यात. तिथून पायी निघालं की थोड्याच वेळात गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन लागतं, त्याचा लाल विटांचा उंच घंटाघराचा मनोरा दिसतो. १८९० मध्ये या मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. ऐकायला पुण्यातली मोठी माणसं जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान संपल्यावर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरून बाजूला ठेवला. मग गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. मिशनऱ्याच्या हातचा चहा प्यालात, म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढं प्रायश्चित्त घेतलं. एका कपभर चहासाठी आणि बिस्किटासाठी.

आज त्याच शहरात, दुपारी कयानी बंद असतानाही दाराबाहेर रांग लागते. कशासाठी? तर श्रूजबरी बिस्किटांसाठी. इंग्लंडातल्या एका गावाचं नाव असलेली, इराण्यानं भाजलेली बिस्किटं पुण्याहून परगावी जाणारा माणूस बाकरवडीच्या बरोबरीनं नेतो. ही बिस्किटं सोवळ्यातल्या घरांतही खुशाल खातात. एवढं अंतर हे शहर चालून आलंय, आणि त्याचं श्रेय मी शहराला देतो. पुण्याला नावं ठेवणं सोपं असतं. पण इथल्या माणसांनी आपल्याच आजोबा-पणजोबांचे नियम मोडले आणि ते मोडायला इराण्याच्या संगमरवरी टेबलाजवळची लाकडी खुर्ची उपयोगी पडली.

मी स्वतः ते पाहिलंय. कॉलेजात असताना आमच्या टोळक्यात सदाशिव आणि नारायण पेठेतले तीन मित्र होते. त्यांच्या घरी अंडं चालत नसे. त्यांनी आयुष्यातलं पहिलं ऑम्लेट इराण्याकडं खाल्लं, भिंतीकडं तोंड करून. पुढं पुढं खिमा-पावावर आले. मी कॅम्पातल्या 'मार्झोरिन'च्या चिकन सँडविचची ओळख करून दिली, तर एकानं त्याचं नाव घरी 'काकडीचं सँडविच' असं सांगून ठेवलं होतं. दर शनिवारी हा काकडी खायला कॅम्पात का जातो, हे त्याच्या आईला कधीच कळलं नाही. (कळलं असणार. आयांना सगळं कळतं.)

या तिघांपैकी एक अजून माझा जवळचा मित्र आहे. दोन वर्षांपूर्वी गुडलकमध्येच बसलो असताना बोलण्याच्या ओघात मी त्याला म्हटलं, हे हॉटेल काढणारा आमच्यातला होता. तो हसला. "काहीतरीच काय, तो इराणी होता." मी म्हटलं, इराणी मुसलमान. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "असेल. पण इराणी म्हणजे वेगळं ना."

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पुण्यानं इराण्यासाठी एक वेगळा कप्पा केला. त्या कप्प्यात जो बसला तो ना हिंदू, ना मुसलमान, नुसता बन मस्का. त्याचा धर्म कुणी विचारला नाही, कारण विचारला असता तर कदाचित बन मस्का गोड लागला नसता. जरथुष्ट्री इराण्याला पारशी म्हणून टाकलं की प्रश्न मिटतो. मुसलमान इराण्यालाही पारशी म्हणून टाकलं की आणखीच मिटतो. शहरानं प्रेम केलं यात शंका नाही. पण ते करताना माणसाचं अर्धं नाव गाळलं.

हा कप्पा किती लहान आहे, हे बघायचं असेल तर 'इराणी' हा शब्द वर्तमानपत्राच्या दोन पानांवर वाचा. पुरवणीत तो येतो तेव्हा सोबत चहाचा कप, जुनं घड्याळ आणि हळवा मजकूर असतो. गुन्हे वार्तेच्या पानावर येतो तेव्हा त्याच्यापुढं 'टोळी' असतं. शिवाजीनगरजवळ एक इराणी वस्ती आहे, लोणी काळभोरलाही आहे. ही माणसं शिया मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या भटकी, चष्मे आणि छोट्यामोठ्या वस्तू विकत फिरणारी. त्यांच्यातल्या काहींनी सोनसाखळ्या चोरल्या, गुन्हे केले, त्यांना शिक्षा व्हावी. पण चोर पकडला की बातमीत त्याची जमात छापायची, ही सवलत आपण बाकी कुठल्या चोराला देतो? त्या वस्तीतल्या शाळकरी पोरानं आपला पत्ता सांगताना काय करावं? एकच शब्द, एकच शहर. एकाला पाटीवर मिरवतात, दुसऱ्याला पोलीस चौकीत बसवतात. फरक एवढाच, की एकाकडं पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भट्टी होती आणि दुसऱ्याकडं नव्हती.

भट्टी म्हटल्यावर तिथं प्रत्यक्ष काम करणाऱ्याबद्दल बोलायला हवं. आठवणींच्या लेखांत इराणी मालक असतो, त्याचा चिडका स्वभाव असतो, भट्टीचा खरपूस वास असतो. पीठ मळणारा माणूस त्यात नसतो. आज पुण्यातल्या टपरीवर वडापाव खाताना जो पाव हातात येतो, तो बहुतेक वेळा उत्तर प्रदेशातून आलेल्या कुणा मुसलमान कारागिरानं रात्रभर जागून भाजलेला असतो. वडापाव मराठी अस्मितेचा पदार्थ झाला, त्याच्या नावानं राजकीय पक्षानं गाड्या लावल्या. लावोत बापडे! पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीजांनीच आणलेला, भट्टीवर मुसलमान, आणि तरीही वडापाव मराठी, यात मला काहीच विसंगती वाटत नाही. मीही असाच मराठी आहे. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो, पाव नाही, आणि अस्सल पुणेकर त्यावरून कोल्हापूरकरांशी भांडतो. ब्रेडच्या स्लाइसवरून पुणेरीपणाचा वाद घालण्याइतकं हे परकं खाणं आपलं झालंय. पण त्या पावाला जेवढं घर मिळालं, तेवढं पाववाल्याला मिळालं का?

आणि इथं मला आपल्याच लोकांना दोन शब्द ऐकवायचे आहेत. आम्ही पेठांतले, कॅम्पातले, कोंढव्यातले दख्खनी मुसलमान या बेकरीवाल्यांना काय म्हणतो? 'भय्ये' म्हणतो. घरात भाडेकरू म्हणून ठेवत नाही. लग्नाचा तर विषयच सोडा. मशिदीत एका सफेत उभे राहतो, सलाम फेरला की वेगळे. त्यांच्या उर्दूपुढं आमची दख्खनी हलकी पडते, म्हणून आम्ही आपलं मराठीपण पुढं करतो; आणि मराठी माणसानं 'तुम्ही मराठी किती छान बोलता' म्हटलं की दुखावतो. दोन्ही एकाच तोंडानं. मी स्वतः हे केलंय. आमच्या गल्लीतल्या बेकरीत पोरं पिठाच्या पोत्यांवर झोपतात, मे महिन्यातही भट्टीसमोर उभी असतात, धूर पितात. मी अकरा वर्षं तिथून पाव घेतोय आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. मुंबईत २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा पावाची चव जाईल म्हणून केवढी हळहळ झाली. मीही हळहळलो. त्या धुरात उभं राहणाऱ्याच्या छातीचं काय होतं, हा विचार मला बायकोनं सुचवला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही पोरं गावी गेली. बेकरीला परवानगी होती, पण भट्टी पेटवायला माणूस नव्हता. आमच्या गल्लीत महिनाभर पाव नव्हता. त्याच दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप फिरला, अमुक लोकांकडून भाजी, फळं, पाव घेऊ नका. पाठवणारे गृहस्थ रोज सकाळी त्याच बेकरीतून खारी नेणारे. मी काही लिहिलं नाही. त्यांनीही नंतर कधी तो विषय काढला नाही, आणि बेकरी उघडल्यावर पहिल्या आठवड्यात खारीच्या रांगेत माझ्यापुढं तेच उभे होते. मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या काही गावांत बाहेरगावच्या मुसलमानांनी मशिदीत येऊ नये असे फलक लागले, आणि बहिष्काराच्या हाकेनंतर तिथल्या मुस्लिम बेकरीवाल्यांना दुकानं बंद करावी लागल्याच्या बातम्या आल्या. ते निरोप फिरवणारे खारीसाठी परत येतात. शटर पाडलेला माणूस परत कुठं येणार?

अशा वेळी आपल्याकडं एक यादी बाहेर काढायची पद्धत आहे. बिर्याणी आम्ही दिली, जिलेबी आम्ही दिली, बन मस्का आम्ही दिला, म्हणून आम्हाला सांभाळून घ्या. मीही भाषणांत ही यादी वाचलेली आहे. आता वाचत नाही. या लेखात गुडलकचं नाव घेतलं ते पावती म्हणून नाही, अर्धं गाळलेलं नाव पुरं लिहावं एवढ्यासाठी. चांगला पाव भाजतो म्हणून एखाद्याला शहरात राहू द्यायचं असेल, तर ज्याचा पाव करपतो त्यानं कुठं जायचं? ज्या मुसलमानाचा चहा पांचट आहे, त्याचा या शहरावर हक्क कमी का? आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर असा एक आहे. चहा इतका वाईट करतो की मशिदीतले लोकही टाळतात. त्यालाही इथं निर्धास्त दुकान मांडता आलं पाहिजे आणि निव्वळ चहाच्या चवीमुळे त्याचं दिवाळं निघालं पाहिजे.

व्हिएतनामी सँडविचच्या गोष्टीत भाचीला जे भारी वाटलं, त्यात एक मेख आहे. ती गोष्ट लांबची आहे. त्या निर्वासितांनी आपल्याकडं कधी घर भाड्यानं मागितलेलं नाही, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची चर्चा झालेली नाही. लांबच्या निर्वासिताचं कौतुक ४२० रुपयांत होतं. जवळच्याचं करायला आपला जिना चढून खाली उतरावं लागतं. मी हे तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "मामू, तुम्ही सँडविचही नीट खाऊ देत नाही." बरोबर आहे तिचं. बिल तिनंच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर बेकरीत गेलो. भट्टी नुकतीच रिकामी होत होती, पत्र्यांवर लाद्या चमकत होत्या. नेहमीचा पोरगा काउंटरवर होता, दंडापर्यंत पिठानं माखलेला. मी त्याला नाव विचारलं. तो थबकला. मग नाव सांगितलं, पाठोपाठ गावाचं नाव, जिल्हा, आणि इथं किती वर्षं आहे तेही. शेवटी म्हणाला, "आधार कार्ड भी है चाचा, अंदर रखा है, लाऊं?"

मी म्हटलं, नको रे, सहज विचारलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि कागद फाडून लाद्या गुंडाळायला लागला. "कितनी दूं? दो?"